बी साइडचं शेवटचं गाणं

मी कॅसेट बोलतेय. आवाजात जरा खरखर येईल, तेवढी सोसून घ्या. माझं वय सत्तावीस. माणसांत या वयात स्थळं बघायला सुरुवात होते; आमच्यात या वयाची कुणी शिल्लक राहिली, तर लोक तिला हातात घेऊन उलटीसुलटी करतात आणि विचारतात, "ही अजून वाजते?"

वाजते. निदान या चैत्रात तरी वाजले. पण त्याआधी चौदा वर्षं मी एका पत्र्याच्या पेटीत, लुगड्यांच्या घड्यांखाली काढली. गुन्हा काही माझा नव्हता. तसा तो कुणाचाच नव्हता, पण जिच्या हातून घडला तिनं तो आपल्या माथी घेतला आणि माझ्याबरोबर स्वतःलाही कोंडून घेतलं. तिचं नाव कासाबाई. मी तिच्या मुलाची कॅसेट.

माझ्या अंगावर निळ्या शाईनं 'माळावरून' असं लिहिलंय. ते अल्बमचं नाव. त्याखाली नुसतं 'बिरदेव', आडनाव नाही. अक्षर त्याचंच आहे आणि ते शाळेपासून असंच गिचमीड आहे, असं त्याची धाकटी बहीण बबिता म्हणते. ती स्वतः मानवतजवळच्या एका शाळेत मास्तरीण आहे, त्यामुळे तिला असं बोलायचा हक्क आहे.

बिरदेव सोनपेठ तालुक्यातल्या गोदाकाठच्या गावचा, मेंढपाळाचा पोरगा. बाप सटवाजी, मेंढ्यांत जन्मलेला आणि मेंढ्यांतच वाढलेला. पोरगा शिकावा म्हणून त्याला अकरावीला पूर्णेला मावशीकडे ठेवलं. तिथं रेल्वे कॉलनीत एक निवृत्त गार्ड राहायचे. त्यांच्याकडे एक जुनी गिटार होती आणि परदेशी गाण्यांच्या तबकड्या होत्या. कापसाच्या रानात राबणाऱ्या काळ्या लोकांची गाणी, ब्लूज म्हणतात त्यांना. बिरदेव अभ्यासाला म्हणून जायचा आणि तारा छेडत बसायचा. बारावीत व्हायचं तेच झालं. पुढं तो पुण्याला गेला आणि एका रॉक बँडमध्ये गायला लागला. डोक्यावर केसांचं टोपलं, पायात फाटकी पॅन्ट, आणि आवाज असा की खिडक्यांच्या काचा थरथराव्यात. पोरं त्याच्यापुढे उड्या मारायची. बऱ्यापैकी नाव झालं.

एका चैत्रात तो बिरोबाच्या जत्रेला गावी आला. दुपारभर माळावर पडून होता. दिवस कलला, आणि सटवाजीनं मेंढ्यांना हाळी मारली.

आता ही हाळी कशी, ते मला सांगितलंच पाहिजे, कारण माझं सगळं आयुष्य तिच्याभोवती फिरलंय. आधी ओठांनी हुर्रर्र करायचं. मग एक लांब सूर, वर चढणारा, आणि वर गेल्यावर हळूहळू खाली घसरणारा. घसरता घसरता शेवटाला गळ्यात एक बारीक आचका. तो जो घसरता सूर आहे ना, त्याला बाजाच्या पेटीत पट्टी नाही. काळ्या पट्टीवर धरावा तर पांढरीकडे झुकतो, पांढरीवर धरावा तर निसटतो. बिरदेव उठून बसला. हाच सूर पकडायला तो गार्डसाहेबांच्या तबकड्यांपुढे वर्षानुवर्षं डोकं फोडत होता, आणि तो त्याच्या घरी रोज दिवस मावळताना फुकट मिळत होता. काखेत कळसा म्हणतात, तो हाच.

पुढच्या वेळी तो भुजंगला घेऊन आला. भुजंग परभणीचा, लग्नांत लाउडस्पीकर लावणारा, पण आवाज टिपायचं त्याचं यंत्र चांगलं होतं. दुपारी दोनला दोघे माळावर पोचले. यंत्र मांडलं, माइक काठीला बांधला, आणि बिरदेव बापाला म्हणाला की आबा, मारा हाळी.

सटवाजीनं मान हलवली.

"आत्ता कशाला? मेंढरं चरायलीत. हाळी मारली अन् ती आली, तर त्येंला देऊ काय? खोटी हाळी मारायची नसती, बिरू. मेंढरू एकदा फसतं. दुसऱ्या बारीला फसत न्हाई. अन् तिसऱ्या बारीला लांडगा आला तरी तुज्याकडं येत न्हाई."

झालं. भुजंग दोन वाजल्यापासून दिवस मावळेपर्यंत बाभळीखाली घाम पुसत बसला. यंत्राचे सेल उतरतील म्हणून कुरकुर करून पाहिली, पण सटवाजीपुढे ती पालथ्या घड्यावर पाणी होती. संध्याकाळी सटवाजीनं बाभळीच्या शेंगांचं टोपलं भरून पुढ्यात ठेवलं, पटका नीट केला आणि हाळी मारली. साठ-सत्तर मेंढ्या माळ उतरून आल्या. त्यांच्या गळ्यातल्या घंट्या, खुरांची खडखड, मधेच कुत्र्याचं भुंकणं, आणि बाजूला बिरदेवची गिटार, बाटलीची काच तारेवर घासत त्या घसरत्या सुराच्या मागं मागं जाणारी. ते सगळं एका दमात टिपलं गेलं. माझ्या बी साइडचं शेवटचं गाणं म्हणजे तेच. त्याचं नाव 'हाळी'.

बाकी सात गाणी पुण्यात झाली. त्यात ढोल होता, कासाबाईच्या जात्यावरच्या ओव्यांची चाल होती, आणि कापसाच्या रानातला तो परका, ओळखीचा हुंदका होता. बिरदेवनं त्यात एकदाही आरडाओरडा केला नाही. बँडमधल्या दोस्तांना वाटलं, याचा घसा बसलाय.

कंपनीनं कॅसेटी छापायच्या आधी त्यानं एक कोरी कॅसेट आणली आणि घरच्यासाठी पहिली प्रत काढली. ती मी. पिशवीत घालून, एसटीत मांडीवर घेऊन त्यानं मला गावी आणलं. सोबत नवा टेपरेकॉर्डरही आणला. आई, बाप, बबिता, शेजारची चतुराबाई, सगळे अंगणात बसले. मी वाजायला लागले. चतुराबाई दुसऱ्याच गाण्याला म्हणाली की पोरगं गायलंय का रडायलंय, कळंना. मला जरा लागलं ते.

पण बी साइडच्या शेवटाला गंमत झाली. सटवाजीची हाळी सुरू झाली, आणि घरामागं वाघरीत, म्हणजे जाळीच्या कोंडणीत, मुकाट बसलेल्या मेंढ्या एकदम उठल्या. जाळीची एक मेख उपसली, आणि सगळा कळप अंगणात. चतुराबाई ओट्यावर चढली. बबिता हसून हसून बेजार झाली. मेंढ्या मात्र टेपरेकॉर्डरपुढं गोल करून उभ्या राहिल्या आणि वाट बघायला लागल्या.

सटवाजी हसला नाही. तो उठला, घरात गेला, उद्यापरवासाठी राखलेल्या शेंगांचं पोतं ओढत बाहेर आणलं आणि सगळ्यांपुढे ओतलं. बिरदेव म्हणाला की आबा, ही तर कॅसेट होती. सटवाजी म्हणाला, "आवाज माजाच हाय ना? मंग देणं बी माजंच."

त्या दिवसापासून घरात नियम झाला. माझं शेवटचं गाणं लावायचं असेल तर आधी टोपलं भरून ठेवायचं. गाढवापुढं गीता वाचू नये म्हणतात. माझ्यापुढं मेंढ्या होत्या, आणि माझी खरी कदर त्यांनीच केली.

कारण माणसांनी केली नाही. अल्बम पडला. बँडवाल्या पोरांना त्यात उड्या मारायला जागा नव्हती, आणि भजनवाल्यांना टाळ सापडेना. दुकानांतल्या माझ्या बहिणी उन्हात पडून वाकड्या झाल्या. कंपनी पुढं बंदच पडली. बिरदेव पुन्हा बँडमध्ये गेला आणि पुन्हा काचा थरथरवायला लागला. कुणी 'माळावरून'चा विषय काढला की तो पोरखेळ होता म्हणायचा. तो तसं म्हणायचा तेव्हा मी सोनपेठ तालुक्यात होते हे बरं. ऐकायला लागलं असतं तर फीतच गुंडाळून घेतली असती.

सटवाजी मात्र मला आठवड्यातून एकदा लावायचा. पोराची गाणी मान खाली घालून ऐकायचा. स्वतःची हाळी आली की लाजल्यासारखा दुसरीकडे बघायचा आणि टोपलं उचलून बाहेर जायचा. उतरलेले सेल तो उन्हात वाळत घालायचा, दातांनी दाबायचा, आणि त्यातून अजून दोन दिवस काढायचा. बबिता माझी फीत पेन्सिलीनं गुंडाळायची, तेवढाच सेल वाचतो म्हणून. इतकं कौतुक पुढं माझ्या वाट्याला आलं नाही.

नऊ वर्षं अशी गेली. मग एका श्रावणात सटवाजी तापानं आजारी पडला आणि चार दिवसांत गेला. बिरदेव तेव्हा लांब ईशान्येकडे कार्यक्रमाला होता. तो आला तेव्हा राख सावडून झाली होती. तो अंगणात बसून राहिला. कासाबाईनं त्याला एका शब्दानं बोल लावला नाही. बोल लावला असता तर दोघांचंही ओझं कमी झालं असतं, असं मला वाटतं. तो परत गेला, आणि मग वर्षातून एकदा येणारा पाहुणा झाला.

इकडं मेंढ्यांनी वेगळंच मांडलं. कासाबाई हाक मारी, चुलत दीर हाक मारी, पण त्या येईनात. माळावर उभ्या राहून वाट बघत बसायच्या, आणि ज्याची वाट बघायच्या तो येणार नव्हता. तिसऱ्या दिवशी कासाबाईनं टेपरेकॉर्डर ओढणीच्या तुकड्यानं गळ्यात बांधला, डोक्यावर टोपलं घेतलं, आणि माळावर जाऊन मला लावलं. सटवाजीचा आवाज निघाला. कळप धावत आला. ती टोपलं खाली ठेवून तिथंच मटकन बसली आणि मेंढ्यांच्या मधे तोंडाला पदर लावून रडली. तिला रडताना मी पहिल्यांदा तेव्हा पाहिलं.

पुढं चार वर्षं रोज संध्याकाळी आमचा हाच उद्योग. बाईनं गळ्यात नवऱ्याचा आवाज बांधून मेंढ्या वळायच्या. गावातली पोरं सुरुवातीला हसली, मग सवयीनं गप्प झाली. कासाबाईला टेपरेकॉर्डरची बटणं वाचता येत नव्हती, पण बोटांना जागा पाठ होत्या. रोज ऐकून ऐकून तिच्या ओठांतही ती हाळी बसायला लागली होती. मी वाजत असताना ती पुटपुटायची. तिच्या ते लक्षात नव्हतं, माझ्या होतं.

आणि मग तो दिवस आला. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. आभाळ भरून आलेलं, मेंढ्या नदीकडच्या उसाच्या कडेला पांगलेल्या, आणि पलीकडच्या बांधावरून तीन-चार मोकाट कुत्री त्यांच्यावर चालून येत होती. कासाबाईनं घाईनं बटण दाबलं. घाईत बोट घसरलं आणि आवाज भरायचं लाल बटणही सोबत दाबलं गेलं.

छापलेल्या कॅसेटींचे वरच्या कडेचे दोन्ही प्लास्टिकचे कान तोडलेले असतात, मग लाल बटण दाबलंच जात नाही आणि त्यांच्यावर नवं काही उमटत नाही. मी कोरी कॅसेट होते, माझे कान शाबूत होते. मला कळत होतं काय चाललंय. सटवाजी माझ्यातून वितळत चालला होता आणि त्याच्या जागी वारा भरत होता. मी ओरडले असते, पण आमच्या जातीला स्वतःचं काही ओरडता येत नाही. समोर जे असेल ते घ्यायचं, एवढंच येतं. मी घेतलं.

कासाबाईनं टेपरेकॉर्डरवर दोन चापट्या मारल्या. आवाज येईना. कुत्री जवळ आली. तेव्हा तिनं तोंडापुढं हात धरला आणि स्वतःच हाळी मारली. तीच हुर्रर्र, तोच चढता सूर, तीच घसरण. मेंढ्या उधळत तिच्याकडं आल्या, एकही गळाली नाही. तिनं त्यांना टोपल्यातलं दिलं आणि थोड्या वेळानं मला बंद केलं.

घरी येऊन तिनं फीत मागं घेतली आणि लावून पाहिलं. गिटार वाजली, आणि सटवाजीच्या जागी तिचाच आवाज निघाला. तिनं तत्क्षणी बटण दाबून मला थांबवलं. मग बराच वेळ ती चुलीपुढं बसून होती. चूल पेटवलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिनं मला लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलं, पेटीच्या तळाशी घातलं आणि बबिताला सांगितलं की कॅसेट नदीत पडली. दर अमावास्येला मात्र ती मला बाहेर काढायची, बिरोबाचा भंडारा चिमूटभर माझ्यावर टाकायची आणि माफी मागायची. माझ्या फटींत जी हळद बसली आहे, ती अशी चौदा वर्षांची आहे. माफी ती सटवाजीची मागत होती की बिरदेवची, ते मला शेवटपर्यंत समजलं नाही.

मधे एकदा बिरदेवचा फोन आला होता. बबितानं स्पीकर लावला होता, म्हणून पेटीतही ऐकू आलं. पुण्यात चार घरं बदलता बदलता त्याच्याकडच्या कॅसेटी गेल्या होत्या, मूळ टेप कंपनीबरोबर गेली होती. घरची तेवढी जपून ठेवा, म्हणत होता. बबितानं सांगितलं की ती कधीच नदीत गेली. तेव्हा तो म्हणाला, "म्हंजी आबाचा आवाज आता कुटंच न्हाई."

कासाबाई पेटीशेजारी उभी होती. त्या दिवशी तिनं भाकरीला हात लावला नाही.

आणखी वर्षं गेली. कळप विकत विकत अकरा मेंढ्यांवर आला. बिरदेवचा बँड फुटला, केसांचं टोपलं गेलं, तो पोरांना गिटार शिकवायला लागला. आणि दोन वर्षांपूर्वी हैदराबादच्या एका कॉलेजातल्या मुलीला तिच्या मामाच्या खोक्यात माझी एक छापील बहीण सापडली. मुलीनं ती इंटरनेटवर टाकली. ज्या गाण्यांना चतुराबाईनं रडणं म्हटलं होतं, ती आता पोरं कानांत बोळे घालून ऐकायला लागली. कुणीतरी बिरदेवला शोधून काढलं. अल्बम पुन्हा निघणार, असं ठरलं. हे सगळं मला नंतर कळलं. पेटीत बातम्या उशिरा येतात.

या चैत्रात बिरदेव बबिताला घेऊन अचानक घरी आला. कासाबाईनं त्याला फाटकातून येताना पाहिलं आणि तिला एकच गोष्ट वाटली, की हा कॅसेट शोधायला आला. तिनं काय करावं? ती आत येऊन थेट पेटीवर बसली. माझ्यावर. पोरगा वर्षानं घरी आलेला आणि ही पेटीवरून हलेना. पाणी बबितानं दिलं, चहा बबितानं केला. बबिता म्हणाली की माय, खाली बस की, पत्रा दबंल. कासाबाई म्हणाली की मला हितंच बरं वाटतंय. तिचा जीव टांगणीला लागला होता आणि त्याचा सगळा भार माझ्यावर येत होता.

बिरदेवनं कॅसेटचं नावही काढलं नाही. चहा संपवून तो म्हणाला, "माय, घरात शेंगा हायत का?"

शेंगा होत्या. त्यानं स्वतः टोपलं भरलं आणि वाघरीकडं गेला. आईला हाक मारून बोलावलं. आता जाणं भाग होतं. ती उठली, पेटीची कडी लावलेली आहे ना हे हातानं चाचपलं आणि बाहेर गेली.

आणि बाहेर माझंच गाणं वाजायला लागलं. मी पेटीत, लुगड्याखाली, आणि बाहेर मी. क्षणभर मला वाटलं, मेल्यावर असंच होत असेल. मग ओळखलं, ही माझी छापलेली बहीण, बिरदेवच्या फोनमधून गातेय. गिटार झाली. मग सटवाजीची हाळी माळावर गेली, अगदी भुजंगनं टिपली होती तशी.

कासाबाईचं काय झालं ते मला दिसलं नाही. ऐकू आल्या त्या घंट्या. अकराच्या अकरा मेंढ्या धावत आल्या होत्या.

बिरदेव चकित झाला होता. म्हणाला, "ह्या मेंढरांनी तर आबाला बघितलं बी न्हाई. ह्येंला कसं कळलं?"

बबिता म्हणाली, "माय आशीच हाळी मारती की, दादा. रोज. तुला कुटं म्हाईत हाय."

यावर कासाबाई घरात आली. पेटी उघडली, लुगडी उपसली, मला काढलं आणि बाहेर नेऊन बिरदेवच्या हातावर ठेवलं. सत्तावीस वर्षांपूर्वी ज्या हातानं माझ्यावर नाव लिहिलं होतं, त्याच हातावर. आता त्या हातावरच्या शिरा दिसत होत्या.

"नदीत पडली न्हवती," ती म्हणाली. "तुज्या आबाचा आवाज मी पुसला. माज्या हातानं. तुला सांगायची हिंमत झाली न्हाई."

बिरदेवनं मला उलटीसुलटी करून बघितलं. मला वाजवायला घरात काही उरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी बबितानं शाळेतून, इंग्रजी कवितांसाठी आलेला आणि कपाटात धूळ खात पडलेला टेपरेकॉर्डर आणला. कापसाच्या बोळ्यानं त्याचं फीत वाचणारं डोकं पुसलं, मला पेन्सिलीनं सैल केलं. कासाबाई दाराच्या चौकटीत बसली, पळायची सोय राहील अशी.

बी साइडचं शेवटचं गाणं. गिटार सुरू झाली, बाटलीची काच तारेवरून घसरत गेली. मग खट्ट असा आवाज, वारा, कुत्र्यांचं भुंकणं, आणि कासाबाईची हाळी. घाबरलेली, फाटकी, पण सुराला पक्की. घसरण तीच, शेवटचा आचकाही तोच. मग खुरांची खडखड. मग तिचं धापा टाकणं.

कासाबाईनं तोंड फिरवलं. एवढं तिनं कधी ऐकलंच नव्हतं. त्या दिवशी हाळीच्या पहिल्या सुरालाच तिनं मला थांबवलं होतं. बंद करायला ती उठलीही, पण बिरदेवनं तिचा हात धरला. मी पुढं चालू राहिले.

"आल्या गं माज्या बाया," माझ्यातली कासाबाई म्हणत होती, "थांबा, देते, समद्यास्नी देते." टोपलं ओतल्याचा आवाज झाला. थोडा वेळ नुसतं चघळणं. मग तिचाच आवाज, खालच्या पट्टीत, कुणी ऐकत नाही असं समजून बोललेला.

"आवं, ऐकलं का? समद्या आल्या. तुमी न्हवता, तरी आल्या बगा. आता माजी काळजी करू नगा. पोरगं लांब हाय, त्येच्याकडं लक्ष ठिवा."

खट्ट. आणि लगेच बिरदेवची गिटार, गाण्याचा मूळचा शेवट, जो लाल बटणातून वाचला होता. सत्तावीस वर्षांपूर्वी बापाच्या हाळीमागं वाजवलेली ती तान आता आईच्या बोलण्यामागं आली. मग मी थांबले.

बिरदेव टेपरेकॉर्डरपुढं मांडी घालून बसला होता आणि पंचावन्न वर्षांचा तो माणूस लहान पोरासारखा नाक पुसत होता. कासाबाई पुन्हा म्हणाली की मी तुज्या आबाला पुसलं रे.

"माय," तो म्हणाला, "आबा तर माज्यापाशी हायतच. त्या गाण्यात तूच कुटं न्हवतीस."

ती येऊन टेपरेकॉर्डरजवळ बसली. मग बबिताला म्हणाली, "पुन्यांदा लाव. मी काय काय बोलले, मला नीट ऐकू दे."

तिला मी तीनदा वाजून दाखवलं. तिसऱ्यांदा ती चक्क हसली, आपल्याच बोलण्याला. चौथ्या वेळी माझ्या फितीखालचा, तिला यंत्राच्या डोक्याशी दाबून धरणारा लोकरीचा बारीक तुकडा निसटला, आणि तेव्हापासून मी मुकी आहे. त्याचं मला वाईट वाटत नाही. बिरदेवनं तोवर मला फोनमध्ये उतरवून घेतलं होतं. नव्या अल्बममध्ये सटवाजीची हाळी तर राहीलच, तिच्यानंतर आईचीही घालायचं त्याच्या मनात आहे. आईनं अजून हो म्हटलेलं नाही. लोक काय म्हणतील, नवऱ्याशी बोलणं म्हणजे का गाणं हाय, असं तिचं चाललंय. पण रागानं म्हणत नाही.

मी आता पेटीत नाही. बिरोबाच्या टाकाशेजारी फळीवर उभी असते, उन्हाचा कवडसा सकाळी माझ्यावरून जातो. बिरदेव महिन्यातून एकदा येतो. मेंढ्या तिच्या हाकेवर येतात आणि ती आता दार उघडं टाकून माळावर जाते.

तुमच्याही घरात माझ्या जातीची एखादी कुठंतरी पडलेली असेल. गाणं मधेच तुटून तिच्यात कुणाचं तरी खोकणं, भांडणं, पोराला हाका मारणं भरलं असेल, आणि ते ज्याच्या हातून झालं त्याला तुम्ही कधीकाळी रागावला असाल. ते पुसू नका. त्या माणसाला एकदा बोलवा, शेजारी बसवा आणि शेवटपर्यंत ऐकवा. त्यानं आपली चूक पहिल्या शब्दालाच बंद केलेली असते. पुढं तो काय बोलला होता, हे त्यालाही ठाऊक नसतं.